जुन्या मोटरबोटीच्या कॉकपिटची गादी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मूळ काम ट्रॅक्टर, रिक्षा आणि काळीपिवळीच्या सीटांचं, दुकान भुसावळला. हतनूर धरणाच्या पाण्यावर चालणारी एक जुनी फायबर बोट दारात आली आणि तिच्यामागून बाकीच्या आल्या. कुणी उकाई धरणाच्या फुगवट्यावरून, नवापूरकडून फोन करतं, कुणी धडगावकडून नर्मदेच्या काठावरून. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र लिहिले. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही, जिथे ती परत लागते तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. कॉकपिटची गादी म्हणजे नेमकं काय? सीट त्यातच येते का?

बोट चालवणारा आणि त्याच्या शेजारचे बसतात त्या खोलगट जागेत सीट सोडून जे जे गुबगुबीत आहे ते सगळं. दोन्ही बाजूंचे पॅनल (आत फळी, तिच्यावर फोम, वरून रेक्झिन), काठावरचा लांबट पॅड ज्यावर आपण कोपर टेकतो, गुडघ्याशी येणारी पट्टी, काही बोटींत स्टेअरिंगच्या वरची कपाळपट्टी. सीट वेगळी मोजा. सीटवर माणसाचं वजन येतं, पॅनलवर नुसता धक्का आणि पाणी येतं, त्यामुळे आतला माल वेगळा लागतो.

२. एकाच ठिकाणी फाटलं आहे. ठिगळ लावून भागेल का?

आधी अंगठा दाबून बघा. फाटलेल्या जागेपासून वीतभर लांब, पॅनलच्या खालच्या कडेला जोरात दाबायचं. फळी टणक लागली तर ठिगळ चालेल, वर्षभर जाईल. दबली, किंवा आतून पाणी पाझरल्यासारखा चिक्‌ आवाज आला, तर ठिगळावर पैसा घालू नका. रेक्झिन दिसतं म्हणून लोक रेक्झिनची काळजी करतात. मरते ती आतली फळी, आणि ती कायम खालून मरायला लागते.

रेक्झिन हाताला पापडासारखं कडक लागत असेल तर त्यातला मऊपणा देणारा तेलकट भाग उन्हाने उडून गेलाय. अशा रेक्झिनवर टाका घातला की टाक्याच्या ओळीतच ते फाटतं, पोस्टाच्या तिकिटासारखं.

३. जुन्या रेक्झिनवरच नवीन चढवलं तर खर्च वाचेल ना?

वाचेल, एक हंगाम. दोन रेक्झिनांच्या मध्ये शिरलेलं पाणी सुकत नाही. शिवाय जाडी वाढल्यामुळे पॅनल परत त्याच खाचेत बसत नाही आणि स्क्रू तिरपे जातात. रिक्षाच्या सीटवर हे आम्हीही करतो, खोटं कशाला बोलू. बोटीवर करत नाही.

४. सीट कव्हरच्या दुकानातलं साधं रेक्झिन चालेल का?

गाडीच्या आत, काचेआड राहणारं रेक्झिन आणि आभाळाखाली राहणारं रेक्झिन यात फरक आहे. बोटीच्या रेक्झिनमध्ये ऊन सोसायचा आणि बुरशी न धरण्याचा मसाला मिसळलेला असतो, आणि पाठीमागचं कापड सुती नसून पॉलिस्टरचं विणलेलं असतं. दुकानात रेक्झिन उलटं करून बघा. मागे सुती जाळी दिसली तर ते पाण्याजवळ नेऊ नका. सूत पाणी ओढतं आणि कुजतं, वरून रेक्झिन चकाचक दिसत असलं तरी.

भाव दुप्पट-तिप्पट पडतो. बोट शेडमध्ये उभी राहते आणि महिन्यातून दोनदा निघते, असं असेल तर पॉलिस्टर पाठीचं चांगलं साधं रेक्झिन मी स्वतः सुचवतो. रोज उन्हात उभी राहत असेल तर नाही.

रंगाचं विचारतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. काळं किंवा गडद निळं रेक्झिन दुपारी उघड्या दंडाला लागलं तर चटका बसतो. फिकट राखाडी घ्या. पांढऱ्यावर तापीचा गाळ लगेच दिसतो.

५. किती मीटर आणू?

रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. समजा बाजूचं पॅनल ७२ इंच लांब आणि १४ इंच रुंद आहे. फोमची जाडी आणि मागे मुडपायला मिळून चारी बाजूंनी ३ इंच धरा, म्हणजे तुकडा ७८ बाय २०. असे दोन पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात, ४० इंच जातात, १४ इंचाची लांब पट्टी उरते. ती पायपिंगला (शिवणीवरचा गोल गोट) आणि छोट्या पॅडांना. लांबी ७८ इंच म्हणजे जवळपास २ मीटर, तर सव्वादोन मीटर घ्या.

दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच दिशेने कापायचे. रेक्झिनवरच्या सुरकुत्यांची नक्षी एका बाजूला उभी आणि दुसऱ्या बाजूला आडवी आली की एकाच थानातलं रेक्झिन उन्हात दोन रंगांचं दिसतं. शिवाय ते पन्ह्याच्या दिशेने जास्त ताणतं, तेव्हा एक पॅनल गुळगुळीत बसतं आणि दुसऱ्याला झोळ येतो.

६. फोम कोणता घ्यायचा? ४० डेन्सिटीचा चांगला म्हणतात.

डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. फोम पाणी पितो की नाही हे तिच्यावरून कळत नाही. गाद्यांचा फोम ३२ चा असो की ४० चा, त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणजे तो स्पंजच. बाजूच्या पॅनलला बंद छिद्रांचा फोम लागतो, ज्याच्या शीट स्लिपर आणि योगाच्या चटया करणारे वापरतात. तो कडक लागतो हे खरं, पण पॅनलवर कुणी झोपत नाही. १० ते १२ मिलिमीटर पुरतो.

कोपर टेकायच्या पॅडला थोडा मऊपणा हवा. तिथे खाली बंद छिद्रांचा आणि वर बोटभर गादीचा फोम, असे दोन थर आम्ही देतो. वरचा थर भिजला तरी पातळ असल्यामुळे सुकतो, पण त्याला बाहेर पडायला वाट हवी (प्रश्न ९). मऊ फोम मापापेक्षा पाव इंच मोठा कापा, म्हणजे कव्हर ताठ भरतं. थर्माकोल घालू नका. रेक्झिनला चिकटून राहिला की तो विरघळल्यासारखा चिकट होतो.

७. घरचाच कापूस आहे, तोच भरला तर?

खान्देशात हा प्रश्न येणारच. एका शेतकऱ्याने खरोखर भरून आणला होता, सरकी काढलेला, पिंजलेला, बघत राहावं असा. मी त्यांना म्हटलं, नाना, याची गोधडी शिवा. कापूस आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि बसला की गोळा होतो. केळीच्या सोपटाचा धागा, काथ्या, भुसा, सगळ्यांना हेच उत्तर.

८. फोमला प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केलं तर पाणी शिरणारच नाही, बरोबर?

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा लांबून सांगतो. पहिल्याच बोटीला मी फोम आणि फळी दोन्ही शेतातल्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळली, चिकटपट्टीने बंद केली, वर रेक्झिन ठोकलं. फार अभिमान वाटला होता. पावसाळा गेला, दिवाळीनंतर बोटवाले पॅनल घेऊन आले. वरून नवंकोरं. उचलायला मात्र दोन माणसं लागली. रेक्झिन फळीला ठोकलेल्या स्टेपलरच्या पिना काढल्या आणि आतून चहाच्या रंगाचं पाणी दुकानाच्या फरशीवर सांडलं, वासाने शेजारचा टायरवाला उठून आला. प्लायचे थर हातात पापुद्र्यासारखे सुटत होते.

पाणी पिनांच्या भोकांतून आत गेलं होतं. प्रत्येक पिन म्हणजे दोन भोकं, आणि एका पॅनलला शे-सव्वाशे पिना बसतात. आत जायला अडीचशे वाटा, बाहेर यायला एकही नाही. तेव्हापासून पातळ प्लास्टिक फक्त फोमच्या दर्शनी बाजूला, तेही हवं तर. खालची आणि मागची बाजू उघडी.

९. मग पाणी बाहेर जावं म्हणून काय करायचं?

फळीच्या खालच्या कडेपासून दोन बोटं वर, दर २० ते २५ सेंटीमीटरवर ८ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या आतल्या कडेलाही इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा लेप) किंवा रंग लावा, नाहीतर भोकच फळीत पाणी मुरवतं. मागे मुडपलेलं रेक्झिन या भोकांवर येऊ देऊ नका, तिथे त्याला अर्धगोल काप द्या. शिवण असेल तर कौलांसारखी, वरचा तुकडा खालच्यावर चढलेला. आडव्या, आभाळाकडे तोंड असलेल्या भागावर शिवण घेऊच नका.

१०. फळी कुठली? दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो.

शब्दावर जाऊ नका, शिक्का बघा. मरीन प्लायवर आयएस ७१० असं छापलेलं असतं. आयएस ३०३ हे साधं प्लाय, त्यातला उकळत्या पाण्याला थोडंफार टिकणारा प्रकार स्वयंपाकघराला ठीक. पॅनलला ९ मिलिमीटर, लहान पॅडला ६. मरीन प्लायसुद्धा कापलेल्या कडेतून पाणी पितंच, म्हणून कापून, भोकं पाडून झाल्यावर चारी कडांना इपॉक्सीचे दोन हात.

प्लास्टिकच्या फळ्यांबद्दलही विचारतात. पीव्हीसीची पांढरी फळी कुजत नाही, पण बंद बोटीत मे महिन्याच्या उन्हाने मऊ पडून पोक काढते आणि पिना सैल होतात. एचडीपीई या टणक प्लास्टिकची फळी भक्कम, तिला मात्र कुठलंच सोल्युशन (चिकटवायचं द्रव) धरत नाही, त्यामुळे सगळा भार पिनांवर.

११. जुनी पॅनल काढताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढा. पॅनलमागे वायरी असतात, काही बोटींत पेट्रोलची नळीही. मग मोबाइलवर फोटो, आणि प्रत्येक पॅनलच्या मागे खडूने नाही, मार्करने लिहा: डावा पुढचा, वरची बाजू कुठली. दोन्ही बाजू आरशासारख्या असतात, एकसारख्या नसतात. डाव्याचं रेक्झिन उजव्याला ठोकून झाल्यावर ज्याच्या लक्षात आलं त्यालाच त्याचं दुःख माहीत.

गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर डोकं ड्रिलने उडवा, पटाशीने उचकटू नका, फायबरला चीर जाते. जुना फोम पिवळा भुगा होऊन उडतो, नाकाला रुमाल बांधा.

१२. जुनं कव्हर उसवून त्याच्यावरूनच कापलं तर चालतं ना?

आकाराला चालतं, मापाला नाही. जुनं कव्हर वर्षानुवर्षं ताणलेलं असतं. माप नव्या फळीवरून घ्या, शिवण कुठे होती आणि काप कुठे होते ते जुन्यावरून. शिवणीला अर्धा इंच सोडा. फळीही पूर्ण कुजून आकार गेला असेल तर बोटीतच पुठ्ठा लावून फर्मा काढा. कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा त्याला उत्तम.

१३. शिलाई घरच्या मशीनवर होईल का? दोरा कुठला?

एक पदर होईल. पायपिंगसकट चार पदर आले की घरची मशीन अडते आणि टाके लहान-मोठे पडतात. जाड कामाच्या मशीनवरच करून घ्या. सुई १८ नंबर, टाका ४ ते ५ मिलिमीटरचा. मजबुतीसाठी बारीक टाका मागू नका, भोकं जवळजवळ आली की रेक्झिन तिथेच तुटतं. दोरा पॉलिस्टरचा. नायलॉन ओढायला दमदार, पण उन्हात पॉलिस्टरपेक्षा आधी जातो. सुती दोरा तर नावही काढू नका.

१४. पिना आणि सोल्युशन यांचं काय?

साध्या पिना पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि रेक्झिनच्या कडेवर तपकिरी ओघळ येतात. स्टीलच्या घ्या, ३०४ नंबरच्या. गोड्या पाण्याला तेवढ्या पुरतात, ३१६ खाऱ्या पाण्यासाठी. लोहचुंबक लावून स्टील ओळखायला जाऊ नका. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, आणि गंजतं मात्र लवकर. लांबी बघा: १० मिलिमीटरची पिन ६ च्या फळीतून आरपार जाऊन फोममध्ये निघते. तिथे ६ ची वापरा.

ठोकायला मधून सुरुवात करायची. वर मध्ये एक, खाली ओढून मध्ये एक, मग डावी-उजवी, आणि कोपरे शेवटी. गोलाईवर रेक्झिन बसत नाही म्हणून लोक हीट गन विकत आणतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये रेक्झिन पंधरा मिनिटं अंगणात पसरा, पोळीसारखं मऊ होतं.

सोल्युशन फक्त फोम फळीवर बसवण्यापुरतं. दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. रेक्झिनच्या पाठीवर साधं रबर सोल्युशन फासू नका. रेक्झिनमधला तेलकट भाग त्यात उतरतो, सोल्युशन लोण्यासारखं होतं आणि उन्हाळ्यात फुगे येतात.

१५. हे काम कोणत्या महिन्यात काढावं?

फेब्रुवारी-मार्च. पावसाळ्यात सोल्युशनवर दमट हवेचं पांढुरकं साय धरतं आणि पकड येत नाही. मेच्या दुपारी ते ब्रश फिरवेपर्यंत वाळतं. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर सकाळी नऊच्या आत चिकटवायचं उरका.

१६. नवीन रेक्झिनवर गुलाबी डाग आलाय, कशानेच जात नाही.

जाणार नाही. तो वरून पडलेला डाग नाही. आतल्या ओल्या फोममध्ये सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा रंग रेक्झिनमधून वर झिरपतो. घासून रेक्झिनची चमक जाईल, डाग राहील. गादी उघडून ओला फोम फेका, फळी तपासा. रेक्झिन बदलायचं की डागासकट वापरायचं ते तुमच्यावर. जुनाच फोम वापरला आणि रेक्झिन फक्त नवं, अशा कामात हे हमखास होतं.

१७. जास्त मऊ हवं म्हणून १२ ऐवजी २५ मिलिमीटर फोम टाकला तर?

गिअरचा दांडा पुढे-मागे पूर्ण फिरवून बघा, पॅनलला घासतो का. एका बोटीत जाड फोम टाकल्यावर दांडा रिव्हर्सला पूर्ण जाईना. धक्क्याला लागताना हे कळलं.

दुसरं, गिअरचा डबा पॅनलवरच बसत असेल तर त्याच्या खाली फोम अजिबात नको. फोम दबत राहतो, बोल्ट ढिले होतात, डबा डुलतो. डब्याच्या मापाची जागा फोममध्ये कापून काढा आणि तिथे फोमच्या जाडीची मरीन प्लायची चकती द्या. कप-होल्डर, दोर बांधायचा हूक, यांनाही हाच नियम.

१८. पॅनल काढलं तर मागे पिवळट फोम ओतून भरलेला निघाला. काढून सामान ठेवायला जागा करू का?

थांबा. बोटीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून तो कारखान्यातून भरलेला असू शकतो. गादीशी त्याचा संबंध नाही. कोरडा असेल तर हात लावू नका. चमच्याएवढा खोदून पिळल्यावर पाणी निघत असेल तर तो भिजलाय आणि बोटीचं वजन वाढवतोय. तेव्हा काढायचा, पण तेवढाच तरंगणारा माल परत भरायचा, आणि ते फायबरवाल्याचं काम आहे. पॅनलमागे हवेच्या जाळ्या असतील तर त्याही रेक्झिनखाली झाकू नका. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी बसते, तिला बाहेर जायची वाट तीच.

१९. आमच्या बोटीत फळीच नाही, रेक्झिन थेट फायबरला चिकटवलंय.

ओढून काढा, फोमचा थर खरवडा, उरलेलं सोल्युशन थिनरच्या फडक्याने थोडं थोडं पुसा. थिनर ओतून ठेवला तर फायबरची वरची चकाकी उतरते. परत तसंच चिकटवण्यापेक्षा ६ मिलिमीटरच्या फळीवर पॅनल करून स्क्रूने लावा, पुढच्या वेळी काढता येतं. स्क्रूच्या प्रत्येक भोकात सीलंट भरा. बोटीच्या अंगाबाहेर टोक निघेल एवढा लांब स्क्रू घेऊ नका. हसू नका, आलेली आहे अशी बोट.

२०. «भाऊ, समदं नवं करं, तरी पानी कोठून ई ऱ्हायनं?»

हा फोन शहाद्याकडून आला होता, शब्द त्यांचेच. रेक्झिन नवं, फळी नवी, भोकंही पाडलेली, तरी खालचा पॅड दर दोन दिवसांनी ओला. गादीत दोष नव्हता. काठावर दोर बांधायच्या खुंटीचे बोल्ट ढिले होते, पाणी तिथून फायबरच्या आतून उतरून पॅडच्या पाठीशी येत होतं. पॅनल काढून ठेवा, आतून कोरडं पुसा, एकाने वरून मगने पाणी ओता आणि दुसऱ्याने आत टॉर्च धरा. काठाची पट्टी, काचेची चौकट, खुंट्या, एकेक करून. दहा मिनिटांत सापडतं.

२१. स्वच्छ कशाने करायचं?

साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग साधं पाणी. गाळ सुकायच्या आत, कारण शिवणीत सुकलेला गाळ दोऱ्याला कानसासारखा घासतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर, ब्लीच नको. चकाकीची तेलंही नको. संध्याकाळी हतनूरला पक्षी बघायला येणारे डासांचं मलम लावून कोपर टेकतात, त्यातल्या काही मलमांनी रेक्झिन चिकट पडतं. त्या पॅडवर पंचा टाकून ठेवा.

२२. उन्हाळ्यात बोट शेडमध्ये असते. उंदीर फोम कुरतडतात, उपाय?

बोट चार महिने उभी राहणार असेल तर पॅनल काढून घरी न्या. स्क्रूने लावलेली असतील तर अर्ध्या तासाचं काम. भिंतीला टेकून उभी ठेवा, भोकांची बाजू खाली. एकावर एक रचू नका, फोम दबून बसतो आणि रेक्झिनवर रेक्झिन चिकटतं. शेंगदाण्याचं किंवा केळीचं साल बोटीत राहू देऊ नका, उंदीर आधी त्यासाठी येतात. आणि काढलेले स्क्रू पिशवीत घालून त्याच पॅनलच्या मागे चिकटपट्टीने लावा. दरवर्षी जूनमध्ये निम्मे बोटवाले माझ्याकडे फक्त स्क्रू मागायला येतात.